'अजून थोडं पुढं': अल्बुकर्कीत बलून उडवताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्कीत गरम हवेचे बलून उडवायच्या मैदानावर पायबॉल सोडला की गप्पा थांबतात. पायबॉल म्हणजे वारा कुठं वाहतोय ते बघायला सोडलेला, हेलियम भरलेला वाढदिवसाचा असतो तसला फुगा; पहाटेच्या अंधारात दिसावा म्हणून खाली छोटा दिवा अडकवलेला. तो आधी दक्षिणेकडे सरकतो, वर चढत राहतो, काहीशे फुटांवर जरा घुटमळतो आणि उत्तरेकडे वळतो. "बॉक्स आहे!" कुणीतरी ओरडतं आणि ट्रेलरची दारं धडाधड उघडायला लागतात.

नव्यांसाठी सांगतो. रात्रभर थंड होऊन जड झालेली हवा रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातून उताराने दक्षिणेकडे वाहते, अगदी ओढ्याच्या पाण्यासारखी. तिच्या वरच्या थरात दक्षिणेकडून येणारा वारा असला, तर खालून दक्षिणेकडे जायचं, उंची घ्यायची, वरच्या वाऱ्याने उत्तरेला यायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. यालाच बॉक्स म्हणतात. बलूनला सुकाणू नसतं, त्यामुळे थराथरातले वारे हेच त्याचे रस्ते. १९७२ मध्ये इथं एका मॉलच्या पार्किंगमध्ये १३ बलून जमले होते. आता ऑक्टोबरातल्या बलून फिएस्टाला पाचशेच्या वर येतात, आणि त्यात या बॉक्सचा वाटा मोठा.

मी नोकरीसाठी इथं शेजारच्या रिओ रांचोला आलो. आधी पाच वर्षं दुसऱ्यांच्या चेस क्रूत (ट्रकने बलूनच्या मागं जाणाऱ्या जमिनीवरच्या टोळीत) दोर ओढले, मग स्वतः शिकलो. पुढच्या चुकांपैकी बऱ्याचशा पाहिलेल्या आहेत, एक-दोन केलेल्या.

बॉक्स गृहीत धरणं

बॉक्स रोज नसतो, आणि असला तरी दिवसभर टिकत नाही. ऊन चढलं की खालचा थंड थर विरतो, थर एकमेकांत मिसळतात आणि परतीचा रस्ताच पुसला जातो. फिएस्टा पार्कवरून, म्हणजे फिएस्टाच्या मैदानावरून, उशिरा उडालेला पायलट थंड हवेवर बसून निवांत दक्षिणेकडे निघतो. वर जाऊन बघतो तर तिथंही वारा दक्षिणेकडेच! आता पुढं शहराचा मधला दाट भाग आणि त्यापुढं विमानतळाची हद्द. म्हणून उडण्याआधी नकाशावर दक्षिणेकडच्या उतरण्याजोग्या जागा शोधून ठेवायच्या. बॉक्स चाललाच तर ते बक्षीस समजा.

दुसरी गल्लत पूर्वेच्या वाऱ्याची. सँडिया डोंगर आणि त्याच्या दक्षिणेकडचे डोंगर यांच्यामध्ये तिहेरास कॅन्यनची खिंड आहे. डोंगरापलीकडे थंड हवा साठली की ती या खिंडीतून शहरावर अक्षरशः ओतली जाते. उत्तरेला फिएस्टा पार्कवर सिगारेटचा धूर सरळ वर जात असतो आणि त्याच वेळी खिंडीच्या तोंडाशी झाडं वाकलेली असतात. मैदानावरची शांतता बघून निर्णय घेऊ नका. विमानतळाचा ताजा रिपोर्ट ऐका.

उन्हाळ्यात इथंही मान्सून म्हणतात. आपल्याकडच्यासारखी झड नसते. दुपारी ढग जमतात, गडगडाट होतो आणि तासाभरात सगळं साफ. पण विरणाऱ्या वादळातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीलगत पसरत दहा-दहा मैल दूर येते, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा निळं आकाश असतं. रात्री उशिरापर्यंत विजा चमकत असतील तर सकाळी रडार बघितल्याशिवाय बलून पिशवीतून काढूच नये.

उतरायची जागा सोडून देणं

ही माझी स्वतःची चूक, त्यामुळे जरा सविस्तर.

फेब्रुवारीतली सकाळ, जमिनीलगत वारा सहा नॉट (ताशी साधारण ११ किलोमीटर). नदीच्या पश्चिमेला कोरालेस गावावरून दक्षिणेकडे चाललो होतो. अल्फाल्फाचं (लसूणघासाचं) मोकळं शेत समोर आलं. तारा नाहीत, जनावरं नाहीत. पण फाटकाला कुलूप दिसलं आणि मनात आलं, ट्रक आत यायला मालकाला शोधत बसावं लागेल, अजून थोडं पुढं जाऊ. पुढच्या शेतात घोडे होते. त्यापुढचं शेत चांगलं होतं, पण तोवर मी उंची घेतलेली, आणि तिथं उतरायचं तर फारच उभं उतरावं लागलं असतं. मग घरं सुरू झाली. घरांमागून घरं. वारा आता दहा नॉटवर गेलेला. शेवटी एका कोरड्या ओहोळात उतरलो. बास्केट आडवी झाली, आम्ही वाळूतून तीसेक फूट घसपटत गेलो आणि सोबतच्या मित्राचं कोपर सोललं. क्रूची म्हातारी प्रमुख धापा टाकत आली, वाळू झटकणाऱ्या आम्हाला न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "पहिल्या शेताला काय झालं होतं?"

बलूनच्या अपघातांच्या गोष्टी ऐकाल तर 'अजून थोडं पुढं' हे शब्द कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतातच. कधी कारण ट्रकचं असतं, कधी पैसे भरलेल्या पाहुण्यांना पूर्ण तास द्यायचा असतो, तर कधी नुसती मौज. मी तेव्हापासून एक ठरवलंय: बर्नरचा निम्मा गॅस संपला की जागा शोधायला लागायचं आणि पहिली चांगली जागा दिसली की तिथंच उतरायचं. कुलूप असेल तर बास्केट कुंपणाबाहेर उचलून आणू. पाठ दुखेल, दुखू दे.

तारांशी शर्यत

हे घाईत वाचू नका. २६ जून २०२१ ला अल्बुकर्कीच्या पश्चिम भागात एक बलून विजेच्या तारांवर गेला, बास्केट फुग्यापासून तुटून रस्त्यावर पडली आणि आतले पाचही जण गेले. टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ ३० जुलै २०१६ ला असंच झालं. त्यात १६ जण गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) पैसे घेऊन उडवणाऱ्या बलून पायलटना वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं केलं.

तार दिसत नाही, खांब दिसतो. त्यामुळे प्रत्येक रस्त्याच्या कडेला तार आहेच असं धरून चालायचं आणि शेवटचा रस्ता मागं पडेपर्यंत उंची सोडायची नाही. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उतरताना तर खांबही दिसत नाहीत. बास्केटमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, "तार दिसली की ओरडा." लाजतात लोक; त्यांना वाटतं पायलटला दिसलीच असेल.

आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे तार अगदी जवळ आल्यावर बर्नर ओढून वरून जायचा प्रयत्न करणं. बलून सुस्त असतो. बर्नर पेटवल्यापासून तो वर उचलायला लागेपर्यंत काही सेकंद जातात, आणि नेमक्या त्या सेकंदांत बास्केट तारांच्या उंचीवर येते. न्यूझीलंडमध्ये कार्टरटनला ७ जानेवारी २०१२ ला ११ जण गेले तेव्हा पायलटने वर जायचाच प्रयत्न केला होता. वरून नक्की पार होऊ अशी खात्री नसेल तर व्हेंट (माथ्यातून गरम हवा सोडायची झडप) पूर्ण ओढा आणि खाली पडा. तारेला कापडी फुगा लागला तर वाचण्याची बरी शक्यता असते. बास्केट, सिलिंडर किंवा बास्केट धरणाऱ्या पोलादी केबल लागल्या तर खेळ संपला. आदळण्याआधी सिलिंडरच्या चाव्या बंद, पायलट लाइट (बर्नर पेटवायला सतत जळती ठेवलेली छोटी ज्योत) बंद, नळीतला गॅस जाळून टाकलेला. अडकलात तर बास्केटमधून पाय बाहेर काढायचा नाही आणि खालच्या क्रूने लोंबणारा दोर धरायचा नाही. वीज कंपनीचा माणूस लाइन बंद झाल्याचं स्वतः सांगेपर्यंत सगळे जिथल्या तिथं.

टॉवर तरी दिसतो असं म्हणाल, तर २००४ च्या फिएस्टात स्मोकी बेअरचा (वणव्यांबद्दल सावध करणाऱ्या कार्टून अस्वलाचा) बलून रेडिओच्या टॉवरला जाऊन अडकला होता. पायलट आणि दोन मुलं तो सहाशे-सातशे फुटी टॉवर शिडीने उतरून खाली आली, धडधाकट. दरवेळी असं नशीब नसतं.

उडतानाच्या गडबडी

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आणि अल्बुकर्कीचा विमानतळ १६३२ मीटर. म्हणजे आपण जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरून बलून उडवत असतो. इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सहाव्या हिश्श्याने विरळ. ३००० घनमीटरचा बलून घ्या, आतली हवा सरासरी १०० अंश धरा. बाहेर उणे ५ असेल तर तो सुमारे ९०० किलो उचलतो. बाहेर २५ असेल तर जेमतेम ५९०. यात फुगा, बास्केट आणि गॅसचं वजनही आलं. जानेवारीत चौघांना घेऊन हसतखेळत उडालेला पायलट जुलैत त्याच चौघांना घेऊन बर्नर जाळत बसतो आणि माथ्यावरचं कापड भाजून काढतो. मॅन्युअलमधला वजनाचा तक्ता दर उड्डाणाला बघायचा असतो.

वारा असताना बलून भरला की माथ्यावरून जाणारी हवा त्याला फसवं बळ देते. गरम हवा पुरेशी नसतानाही तो उचलला जातो, वाऱ्याचा वेग पकडला की ते बळ नाहीसं होतं आणि तो समोरच्या झाडांत बसायला निघतो. भिंतीच्या किंवा झाडांच्या आडोशाला भरला असेल तर हमखास. उपाय एकच: जमीन सोडण्याआधी जरा जास्तच गरम करा आणि आडोसा ओलांडेपर्यंत बर्नरवरचा हात काढू नका.

क्रूसाठी दोनच गोष्टी. दोर हाताला गुंडाळायचा नाही. आणि टाचा उचलल्यासारख्या वाटल्या की दोर, बास्केट, जे काही धरलं असेल ते सोडून द्यायचं. मदतीच्या भरात लोंबकळत राहिलेला माणूस तीस फुटांवर गेल्यावर सोडूही शकत नाही. उतरल्यावर पाहुण्यांचं उलटं असतं. एक सत्तर किलोचा माणूस खुशीत बाहेर उडी मारतो आणि बाकीचे पुन्हा हवेत!

बर्नर कुरकुरतोय

थंडीत बर्नर नेहमीसारखा गरजत नाही, ज्योत पिवळट आणि मऊ दिसते. बर्नर बिघडला म्हणून लोक तो खोलायला घेतात, दोष मात्र थंडीचा असतो. २० अंशांना सिलिंडरचा दाब १०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर असतो, शून्य अंशांना तो ५५ च्या आसपास येतो. रात्री सिलिंडर हीटिंग टेप आणि जाकीट गुंडाळून ठेवा किंवा वर नायट्रोजन भरून दाब वाढवा. ज्योतीने सिलिंडर शेकणारा महाभाग मी एकदा पाहिलाय. आम्ही सगळे त्याच्यापासून लांब पळालो.

एखाद्या सिलिंडरवर ज्योत अचानक दमायला लागली तर द्रवरूप गॅस संपत आलाय. आधी दुसरा सिलिंडर चालू करून बघा, मग पहिला बंद करा. उलट क्रमाने करणारे आहेत. पायलट लाइट विझली तर दुसऱ्या बर्नरवर जा. तीही गेली तर मुख्य झडप अगदी किंचित उघडून स्ट्रायकरने (हाताने ठिणगी पाडायच्या साधनाने) पेटवा. स्ट्रायकर दोन ठेवा, एक खिशात, एक बास्केटला बांधलेला. गॅस भरताना सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर नको, आणि अंगात नायलॉनचं जाकीट नको, कारण त्याची स्थिर वीज ठिणगी पाडते.

गर्दीत आणि जमिनीवर

फुग्यामुळे पायलटला थेट वरचं दिसत नाही, म्हणून वरच्याने खालच्याला वाट द्यायची. पण खालच्यानेही धाडकन वर चढायचं नाही. १३ ऑगस्ट १९८९ ला ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्सला खालून चढणाऱ्या बलूनचं कापड वरच्याच्या बास्केटने फाटलं आणि खालच्यातले १३ जण गेले. फिएस्टात वर जाण्याआधी रेडिओवर विचारा, जमिनीवरच्या क्रूला वर बघायला सांगा, आणि मगच हळूहळू चढा.

उत्तरेला सँडिया पुएब्लो या मूळ अमेरिकन जमातीची जमीन आहे. तिथं परवानगीशिवाय उतरायचं नाही, मग शेत कितीही सपाट दिसो. ती त्यांची स्वतःची सत्ता असलेली भूमी आहे. कोरालेसचे लोक तसे मायाळू, पण बर्नरच्या गर्जनेने घोडा बिथरून तारेच्या कुंपणात शिरला तर पुढच्या खेपेला ते हात हलवत नाहीत. जनावरांवरून जाताना व्हिस्पर बर्नर वापरा. तोच द्रवरूप गॅस, पण आवाज निम्म्याहून कमी. इथले जुने लोक त्याला 'काऊ बर्नर' म्हणतात. शेतात ट्रक नेताना फाटक जसं सापडलं तसं परत लावा, आणि मालक आला तर दोर गुंडाळणं थांबवून आधी त्याच्याशी बोला. माझ्या ट्रकमध्ये हिरव्या मिरचीचे ब्रेकफास्ट बरिटो नेहमी दोन जास्तीचे असतात. ठेच्याची सवय असलेल्या माणसालाही घाम फोडतील असे. कुलूपवाल्या त्या अल्फाल्फाच्या शेताचा मालक पुढच्या हिवाळ्यात भेटला, त्यातला एक त्याने उभ्या उभ्या खाल्ला आणि फाटकाची चावी कुठल्या दगडाखाली असते ते दाखवून ठेवलं.