एक काठी, एक नकाशा आणि घड्याळातली चौतीस मिनिटं

वर्गात ‘उत्तर दिशा कुठे?’ असं विचारलं की कितीतरी हात फळ्याच्या वरच्या बाजूला, पार छताकडे जातात. चूक मुलांची नाही. नकाशा त्यांनी कायम भिंतीवर उभा टांगलेलाच पाहिलेला असतो. त्यात आपल्या बोलण्यातला ‘वर’ निराळा. ‘वरच्या अंगाला’ म्हणजे चढाकडे. साताऱ्यात अजिंक्यतारा ‘वर’ आहे, पण तो शहराच्या दक्षिणेला आहे. नकाशातला ‘वर’ चढाचा नसतो. पण मुलं दोन्ही ‘वर’ एकच मानतात, म्हणून ‘नदी नकाशात वरून खाली वाहते’ हा समज पक्का बसतो. तो घालवायला कोयना दाखवा. महाबळेश्वराहून निघून ती दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ वळते आणि तिथून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत नकाशात डावीकडून उजवीकडे वाहते.

तेव्हा सुरुवात पुस्तकातल्या नकाशापासून करू नका, मैदानातून करा. त्यासाठी एकच साधन लागतं, आपल्याकडे त्याला शंकू म्हणतात. शंकू म्हणजे सपाट जमिनीत उभी रोवलेली सरळ काठी, बाकी काही नाही. दिशा, अक्षांश, रेखांश आणि वेळ ही चारही उत्तरं तिच्या सावलीत असतात.

काठी १३० सेंमी घ्या आणि ३० सेंमी जमिनीत रोवा, म्हणजे वर बरोबर १ मीटर उरेल. दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा करा आणि काठी दोन बाजूंनी तपासा. ही पायरी कुणी गाळू नये. काठीचं टोक पावणेदोन सेंमी कललं की एका अंशाची चूक होते, आणि पुढचं सगळं गणित त्या चुकीवर उभं राहतं. सकाळी पावणेअकराच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करा आणि वेळ लिहा. काठीच्या बुंध्याला दोरी बांधून सावलीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने आखा. आता सावली आखडत जाईल, मग पुन्हा लांबेल. दुपारी तिचं टोक वर्तुळाला परत टेकेल त्या क्षणी दुसरी खूण करा, वेळ लिहा. सकाळची खूण पश्चिमेची, दुपारची पूर्वेची. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. त्या रेषेचा मध्यबिंदू काठीच्या बुंध्याशी जोडला की उत्तर-दक्षिण रेषा.

सावलीचं टोक धूसर दिसतं, कारण सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. धूसर पट्ट्याच्या मधोमध खूण करायची असं आधीच ठरवा आणि दोन्ही वेळा खूण एकाच मुलाला करू द्या. उतारावर, पेव्हर ब्लॉकच्या खाचाखोचांवर हा प्रयोग फसतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. एप्रिलअखेर ते ऑगस्ट टाळा. ढग हे एक कारण झालंच, पण खरी अडचण वेगळी आहे. १० मेच्या आसपास साताऱ्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली काठीच्या बुंध्यातच जाते. तिथून ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. ‘दुपारची सावली नेहमी उत्तरेला’ हे वाक्य पाठ करून घेणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावं. सांगली थोडी दक्षिणेला आहे, म्हणून तिथे हा दिवस ७ मेच्या सुमारास येतो.

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हेही वर्षातून दोनच दिवस नेमकं खरं असतं, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. जूनअखेरीस तो पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. उगवत्या सूर्याकडे तोंड करून दिशा सांगणारा मुलगा एवढा चुकू शकतो.

२१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या त्या दोन दिवशी मध्यान्हीची, म्हणजे सर्वांत आखूड सावली मोजा. १ मीटर काठीची सावली साताऱ्यात सुमारे ३२ सेंमी, कराडला ३१ आणि सांगलीला ३० भरते. तीन शाळांनी फोनवरून आकडे जुळवले तर दक्षिणेकडे जाताना एकेक सेंमी कमी होताना दिसेल. अक्षांश म्हणजे आपण विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, हे मुलांना याहून सोपं करून सांगता येत नाही. मात्र इथे एका सेंमीची चूक म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाची चूक, म्हणून काठीची उंची तिन्ही ठिकाणी मिलिमीटरपर्यंत सारखी हवी.

उपदिशांची नावं मुलं हमखास उलटसुलट करतात. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने म्हणायची सवय लावा: उत्तर, ईशान्य, पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, वायव्य. नैऋत्य विसरायला होत असेल तर पाऊस आठवा, नैऋत्य मोसमी वारे. वाऱ्याला नाव तो जिकडून येतो त्या दिशेचं मिळतं, हेही तेव्हाच सांगून टाका.

होकायंत्र वापरायचं तर लोखंडी बाकावर ठेवू नका. स्लॅबमधल्या सळया, फोनच्या कव्हरमधलं चुंबक, इतकंच काय आपल्या सह्याद्रीतला लोहयुक्त काळा पाषाणही सुई हलवतो. दोन-तीन पावलं सरकून पुन्हा बघा. सुई वेगळीकडे वळली तर जवळ काहीतरी आहे असं समजा.

आता नकाशा भिंतीवरून काढा आणि मैदानात आखलेल्या रेषेवर पसरा. त्याची उत्तर चुन्याच्या उत्तरेशी जुळवा. यापुढे एकच नियम: आपण कसेही वळलो तरी नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेकडेच राहिली पाहिजे. साताऱ्यावर पट्टी ठेवून सांगलीकडे रेघ धरा. ती आग्नेयेला जाते, आणि आता ती आग्नेय मैदानापलीकडे खरोखर कुठल्या बाजूला आहे हे मुलाला हात करून दाखवता येतं. फोनवरचा नकाशा आपल्याबरोबर फिरत असतो. त्यावर होकायंत्राची खूण दाबली की उत्तर पुन्हा वर येते.

प्रमाणाबाबत एक गोष्ट नीट धरून ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशात २ सेंमी म्हणजे जमिनीवर १ किमी. पण त्याच नकाशाची झेरॉक्स मोठी किंवा लहान करून काढली की छापलेलं अंकप्रमाण, म्हणजे १:५०,००० हा आकडा, खोटं ठरतं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर छापलेली किलोमीटरच्या खुणांची पट्टी, मात्र नकाशाबरोबरच ताणलं किंवा आखडलं जातं, म्हणून ते खरं राहतं. झेरॉक्सवर अंतर नेहमी रेषाप्रमाणानेच मोजा. वळणाचा रस्ता पट्टीने मोजू नका. ओला दोरा वळणावळणांवर बसवा आणि मग तो सरळ करून रेषाप्रमाणावर धरा. सातारा ते सांगली सरळ रेषेत साधारण ११० किमी भरतं, रस्त्याने त्याहून जास्त. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तपकिरी असतात, पाणी निळं, झाडी हिरवी. समोच्च रेषा एकमेकींना खेटलेल्या दिसल्या की तिथे कडा आहे, विरळ असल्या की सपाटी.

राहिलं घड्याळ. डिसेंबरअखेरीस साताऱ्यात पहिली खूण १० वाजून ५० मिनिटांनी केली असेल, तर दुसरी २ वाजून १८ मिनिटांच्या आसपास येईल. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ १२ वाजून ३४ मिनिटं. हीच साताऱ्याची खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य त्या दिवशी सर्वांत उंच असतो ती वेळ. घड्याळात बारा वाजून गेल्यावर ३४ मिनिटांनी सूर्य माथ्यावर का येतो? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे १ अंशाला ४ मिनिटं. ३४ भागिले ४ म्हणजे साडेआठ अंश. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२°३०′ पूर्व रेखांशाची आहे. त्यातून साडेआठ वजा केले की ७४° उरतात, आणि सातारा ७४° पूर्व रेखांशावरच आहे. दोन खुणा आणि एक मनगटी घड्याळ यांवर आपल्या गावाचं रेखांश काढता येतं, हा आनंद प्रत्येक मुलाला मिळायला हवा. इतर महिन्यांत मध्यान्हीची वेळ थोडी हलते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२.१८ ला येते, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४८ ला. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून.

खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी मुलांचे नातेवाईक गलाई, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगलेले आहेत. गुवाहाटीला मामा असेल तर फोन करून विचारा. सांगलीत आणि तिथे घड्याळ एकच वेळ दाखवतं, पण सूर्य तिथे सुमारे १ तास ९ मिनिटं आधी माथ्यावर येतो. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांतला फरक तो हाच.

परीक्षेतल्या गणितात मुलं अडखळतात ती मिळवायचं की वजा करायचं इथे. पूर्वेला सूर्य आधी, म्हणून पूर्वेचं घड्याळ पुढे, मिळवा. पश्चिमेला वजा करा. ग्रीनिचला दुपारचे १२ वाजले असताना ७४° पूर्वेला स्थानिक वेळ काय? ७४ × ४ = २९६ मिनिटं, म्हणजे ४ तास ५६ मिनिटं, उत्तर दुपारचे ४.५६. हाच प्रश्न भारतीय प्रमाणवेळेचा असता तर उत्तर ५.३०. प्रश्नात ‘स्थानिक’ आहे की ‘प्रमाण’, त्या शब्दाखाली आधी रेघ मारा.

डिसेंबरात सांगलीत रात्रीचे ८ वाजलेले असतात तेव्हा दुबईत संध्याकाळचे ६.३०, लंडनला दुपारचे २.३०, न्यूयॉर्कला सकाळचे ९.३०, टोकियोला रात्रीचे ११.३० आणि सिडनीला दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे १.३०. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणून जूनमध्ये हेच आकडे ३.३० आणि १०.३० होतात. भारतात, दुबईत आणि जपानमध्ये हा बदल नाही. सिडनीत तो आहे, पण तिथला उन्हाळा आपल्या डिसेंबरात येतो. आणि उत्तर मध्यरात्र ओलांडून गेलं की वेळेसोबत वारही लिहायचा. सिडनीसाठी नुसतं ‘१.३०’ लिहिणाऱ्याचं गणित बरोबर असतं, पण उत्तर एका दिवसाने चुकतं.