टाकीसाठी साधा, एका हाताने उघडणारा व्हॉल्व्ह कसा तयार करावा

टाकीच्या व्हॉल्व्हकडून अपेक्षा दोनच असतात. बंद केला की ठिबकू नये आणि उघडताना झटापट करावी लागू नये. गोची अशी, की या दोन्ही एकमेकींच्या आड येतात: घट्ट बसवला तर उघडायला जड जातो, सैल ठेवला तर गळतो. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे घट्ट दाबून धरायचं काम टाकीतल्या पाण्यावरच सोपवायचं आणि आपण फक्त उघडण्याची सोय बघायची.

रचना अशी: तळातून थोडा वर आलेला पाइप, त्याच्या तोंडावर रबर लावलेली चकती, चकतीला जोडलेला उभा दांडा आणि टाकीच्या वर एक तरफ. तरफेची मूठ खाली ओढली की चकती वर उचलली जाते. मूठ सोडली की चकती आपल्या वजनाने खाली बसते आणि वरचं पाणी तिला दाबून धरतं. दांडा पाण्यातून सरळ वर येत असल्यामुळे टाकीच्या भिंतीला भोक नाही, म्हणून दांड्याभोवती पॅकिंगही (फटीतून पाणी येऊ नये म्हणून ठासलेलं भरण) नाही. विकतचे गेट व्हॉल्व्ह कालांतराने पाझरू लागतात ते बरेचदा या पॅकिंगमधूनच.

हे सगळं उघड्या टाकीतल्या साध्या पाण्यापुरतं आहे. हवाबंद दाबाची टाकी, इंधन किंवा आम्ल यांच्यासाठी ही रचना वापरू नये.

पायरी १: मुळात करायचा आहे का ते ठरवा

पाइप २ इंचांपर्यंतचा आणि पाणी स्वच्छ असेल तर सरळ विकतचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. पाव फेऱ्यात उघडतो, आणि मूठ पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद, हे लांबूनही कळतं. स्वतः खटपट करण्यात अर्थ आहे तो पाइप मोठा असेल, पाण्यात गाळ येत असेल किंवा टाकीच्या खाली हात पोचत नसेल तेव्हा.

मापही आधीच तपासून घ्या. टाकीत १.५ मीटर पाणी असेल तर १०० मिमीच्या तोंडातून सुरुवातीला सेकंदाला साधारण २५ लिटर पाणी जातं. २००० लिटरची टाकी अडीच-पावणेतीन मिनिटांत रिकामी. ५० मिमीच्या तोंडातून हाच प्रवाह चौथाई होतो आणि टाकी रिकामी व्हायला दहा-अकरा मिनिटं लागतात. व्यास निम्मा केला की चकतीवरचा जोरही जवळपास चौथाईवर येतो. दहा मिनिटं थांबणं चालत असेल तर लहान तोंडच निवडा, पुढचं अर्ध काम वाचेल.

पायरी २: जोराचा हिशेब

दर मीटर पाण्याच्या उंचीला चौरस सेंटिमीटरमागे ०.१ किलो दाब, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. पाइपचा बाहेरचा व्यास ११० मिमी धरू. चकतीचा जो भाग पाण्याचा दाब झेलतो त्याचं क्षेत्रफळ झालं सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर. पाणी १.५ मीटर असेल तर दाब ०.१५. गुणाकार करा: सव्वाचौदा किलो. चकती आणि दांड्याचं वजन दीड-पावणेदोन किलो धरलं तर उचलायचा भार १६ किलो. टाकीच्या काठावर वाकून, ओल्या हाताने १६ किलो उचलणं कोणालाही नकोसं होईल.

तरफेची दांड्याकडची बाजू १० सेंमी आणि मुठीकडची ६० सेंमी ठेवली की हाताला लागणारा जोर सहाव्या हिश्श्यावर, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास येतो. घर्षणाचं थोडं वर धरा. माझ्या मते हाताचा जोर ५ किलोंच्या आत ठेवावा. म्हणजे घरातलं कोणीही व्हॉल्व्ह चालवू शकेल.

चकती किती उचलायची? तोंडाच्या आतल्या व्यासाचा चौथा हिस्सा. तेवढी उचलली की चकतीभोवतीच्या फटीचं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाइतकं होतं आणि त्याहून जास्त उचलून प्रवाहात फारशी भर पडत नाही. १०० मिमीला २५ मिमी. थोडी मोकळीक म्हणून ३५ धरू. मग मूठ खाली यायला हवी ३५ गुणिले ६, म्हणजे २१० मिमी. एवढं अंतर हाताला सहज जमतं. इथेच लोक हाव करतात आणि तरफ एकास पंधरा करतात. जोर हलका होतो खरा, पण मूठ अर्धा मीटर खाली ओढावी लागते.

पायरी ३: बैठक

बैठक म्हणजे चकती जिथे टेकते ती पाइपच्या तोंडाची कड. गळती होणार की नाही हे इथे ठरतं, त्यामुळे वेळ घालवायचा तो इथेच.

पाइपचं तोंड तळापासून ४० ते ५० मिमी वर ठेवा, म्हणजे गाळ खाली राहतो. टाकी धुण्यासाठीच व्हॉल्व्ह हवा असेल तर मात्र तोंड तळाच्या पातळीत घ्या. पाइप टाकीला जोडताना टँक निपल (टाकीच्या भोकात बसणारा आट्यांचा जोड) वापरा आणि रबरी वायसर टाकीच्या आतल्या बाजूने यायलाच हवा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्याचं टोक आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर पिळताना सुटून गोळा होते.

तोंड कापल्यावर त्याची कड सपाट करायची. जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरा, पाइप उभा धरा आणि इंग्रजी आठच्या आकारात घासा. पाइप आधीच टाकीत बसवलेला असेल तर पेपर एका सपाट फळीवर चिकटवा आणि फळीच फिरवा. नंतर आतली-बाहेरची धार बारीक पेपरने मोडून किंचित गोल करा. धारदार कड रबराला कापत जाते. कड सपाट झाली का हे पाहायला तिच्यावर काजळीचं बोट फिरवा, चकती ठेवून हलकेच दाबा आणि उलटून पाहा. रबरावर काळं कडं अखंड उमटलं पाहिजे. जिथे तुटलं तिथून पाणी पाझरणार. पुन्हा घासा.

पायरी ४: चकती

चकती पाइपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा २० ते २५ मिमी मोठी घ्या. स्टेनलेस स्टीलचा पत्रा उत्तम. प्लॅस्टिक घेणार असाल तर पीव्हीसी बुडतं, पण पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई पाण्यावर तरंगतात. तरंगणारी चकती तोंडावर बसणारच नाही, तिला वजन जोडावं लागेल.

खाली ५-६ मिमी जाडीचं मऊ रबर लावा. पाण्यासाठी ईपीडीएम चांगलं. तेलाशी संबंध येत असेल तर ते फुगतं, तिथे नायट्राइल लागतं. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर रबर आणि धातू दोन्ही पिण्याच्या पाण्यासाठी चालणारे आहेत याची खात्री करून घ्या, आणि आतल्या कोणत्याही भागाला साधा रंग फासू नका.

रबर मधोमध बोल्टने आवळा, कडेला खिळे-स्क्रू नकोत. बोल्ट स्टेनलेसचा, खाली रुंद वायसर. बोल्ट फार आवळला तर रबर मध्ये दबून कडेला उचललं जातं, म्हणून आवळल्यावर काजळीची परीक्षा पुन्हा घ्या.

चकती दांड्याला कधीही ताठ जोडू नका. दांड्याच्या टोकाला कडी किंवा सैल पिन ठेवा, दोन-तीन मिलिमीटरचा खेळ राहू द्या. दांडा थोडा तिरका झाला तरी चकती आपली आपण सपाट बसते. चकतीने बाजूला सरकू नये म्हणून खालच्या बाजूला तीन पट्ट्या पाइपच्या आत उतरतील अशा जोडा. पट्ट्यांच्या मध्ये खाली निमुळता होत जाणारा शंकू बसवला तर फारच छान: बंद करताना प्रवाह हळूहळू कमी होतो. शंकू नसेल तर शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये वाहतं पाणी चकतीला खेचून धाडकन आपटतं.

पुढे लांब पाइप असेल तर ते आपटणं आवाजापुरतं राहत नाही. लोखंडी पाइपमध्ये सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम थांबवलं तर दाबाचा धक्का चौरस सेंटिमीटरला १२ किलोंच्या वर जाऊ शकतो. सांधे निखळतात ते यामुळेच.

पायरी ५: तरफ

तरफ ज्यावर फिरते तो टेकू प्लॅस्टिकच्या टाकीच्या काठावर देऊ नका. त्याच्यावर दोन्ही बाजूंचा भार येतो, आपल्या उदाहरणात १९ किलोंच्या आसपास. टाकीच्या वर आडवा अँगल टाकून त्याला टेकू द्या.

आता सगळ्यात जास्त निसटणारा मुद्दा. मुठीकडची बाजू लांब असते आणि तिलाही वजन असतं. ६० सेंमीचा लोखंडी पाइप १ किलोचा भरला, तर त्याचं वजन टेकूपासून ३० सेंमीवर खाली ओढतं. दुसऱ्या बाजूला १० सेंमीवर त्याचा परिणाम होतो ३ किलोंची उचल! चकती आणि दांडा मिळून दीड-पावणेदोन किलोंचे. म्हणजे एकदा उघडलेला व्हॉल्व्ह बंदच होणार नाही. टाकी भरलेली असताना, बंद स्थितीत, हे लक्षात येत नाही कारण पाणी चकतीला दाबून धरतं. त्यामुळे मूठ हलक्या ॲल्युमिनियमच्या नळीची करा, किंवा टेकूच्या पलीकडे दांड्याच्या बाजूला वजन बांधा. बंद असताना मूठ वर अडकवायला एक आकडा आणि उघडं ठेवायला खाली दुसरा आकडा द्या. मूठ वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू: हे दांडीवर ठळक लिहून ठेवा.

दांडा आणि तरफ साखळीच्या दोन-तीन कड्यांनी जोडा. तरफेचं टोक कमानीत फिरतं आणि दांडा सरळ जातो, कड्या तो फरक पोटात घेतात. व्हॉल्व्ह बंद असताना साखळीत ५ ते १० मिमी ढील हवी. ताणलेली साखळी चकतीला अधांतरी धरते आणि मग रबराला दोष दिला जातो. ही ढील मुठीच्या अंतरात मोजायला विसरू नका: १० मिमी ढिलीसाठी मूठ आणखी ६० मिमी खाली यावी लागेल.

पायरी ६: खालचा पाइप

पाइप टाकीखाली बराच उतरत असेल तर बंद केल्यावर आतलं पाणी खाली सरकताना चकतीखाली पोकळी तयार होते आणि चकती खालून ओढली जाते. पायरी २ चा हिशेब मग कोलमडतो. उपाय साधा आहे: व्हॉल्व्हच्या लगेच खाली एक बारीक हवेची नळी जोडा आणि तिचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंच न्या, म्हणजे तिच्यातून पाणी सांडणार नाही.

मोठ्या चकतीत छोटं भोक ठेवून, ते आधी उघडून दाब सारखा करण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी सुचवेल. ती चालते, पण खालचा पाइप पुढे बंद असेल आणि पाण्याने भरू शकत असेल तरच. पाणी मोकळं वाहून जात असेल तर खाली दाब तयारच होत नाही. तिथे तरफच कामाची.

पुढे कुठेतरी एक विकतचा बॉल व्हॉल्व्ह बसवून तो कायम उघडा ठेवा. रबर बदलायची वेळ आली की तो बंद करायचा आणि टाकी न रिकामी करता चकती दांड्यासकट वर काढायची.

पायरी ७: चाचणी

एक तृतीयांश टाकी भरा आणि खालच्या तोंडाशी कोरडा कागद धरून बसा. मग पूर्ण भरून पाहा. बरेचदा उलटंच दिसतं: भरलेली टाकी गळत नाही आणि चकतीवर ५ सेंमी पाणी उरलं की ठिबकायला लागते. साहजिक आहे, तेव्हा चकतीवरचा पाण्याचा भार अर्ध्या किलोच्या आसपासच राहतो. चकतीला किलोभर वजन वाढवा, तरफेचा जोर किंचितच वाढेल. सेकंदाला एक थेंब किरकोळ वाटतो, पण दिवसभरात ४ लिटरांच्या वर पाणी जातं.

वाहत्या तोंडाजवळ हात किंवा पाय नेऊ नका. २०० मिमीच्या तोंडावर दीड मीटर पाण्याचा जोर ४७ किलो होतो आणि त्यात अडकलेला हात स्वतःला सोडवता येत नाही. तोंडाभोवती जाळी लावा, ती कचराही अडवेल. बंद टाकीत उतरायचं असेल तर आधी झाकण उघडून हवा खेळू द्या आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय उतरू नका. आत प्राणवायू कमी असेल तर ते उतरणाऱ्याला कळत नाही.

महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बंद करा, वापरात नसला तरी. महिनोन्महिने एकाच जागी दबलेलं रबर बैठकीला चिकटतं आणि पहिल्या ओढीला फाटतं. रबरावर खोल वर्तुळाकार खाच दिसली तर ते उलटून लावा. दुसरी बाजूही खचली की नवीन कापा.