सांडपाण्यावरच्या पालकाला जिवाणू लावण्याआधी

सगळ्यात आधी प्रयोगशाळेला फोन करा. बी, जिवाणूंचं पाकीट, गूळ हे सगळं नंतर. काढणीच्या वेळी पालकाची पानं कॅडमियम आणि शिसं या सांडपाण्यातून येणाऱ्या विषारी धातूंसाठी तपासून मिळतील का, पाला किती लागेल, अहवाल किती दिवसांत येईल, पैसे किती, हे पेरणीच्या आधी विचारून वहीत लिहा. गेल्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं. वाफा हिरवागार झाला, पण पानात काय उतरलंय ते कळलंच नाही.

माती परीक्षण करालच. पण मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ घटकांत शिसं, कॅडमियम, क्रोमियम नसतं. ते वेगळं मागावं लागतं. नमुना प्लॅस्टिकच्या घमेल्यात घ्या, जस्ताचा मुलामा असलेली बादली नको. पाण्याचाही नमुना द्या आणि क्लोराइड बघायला सांगा, कारण खारट पाण्यात कॅडमियम मातीला धरून राहत नाही, मुळाकडे सरकतं. धातू मातीत धरून ठेवायला चुना टाकायचा सल्ला मिळेल, तर आधी सामू (pH) बघा. चुनखडीच्या काळ्या रानात तो आधीच ८ च्या आसपास असतो, तिथे चुना कशाला?

शेणखत चांगलं कुजलेलं. शहरातल्या मिश्र कचऱ्याचं खत अजिबात नको, त्यातूनही शिसं येऊ शकतं.

आता जिवाणू. धातूचा ताण आला की रोपात इथिलीन वाढतं आणि मूळ खुंटतं. सुडोमोनास, बॅसिलस यांचे काही वाण इथिलीन ज्यापासून बनतं तो पदार्थच मोडून खातात, म्हणून मूळ चालू राहतं. काही जिवाणू मुळाभोवती चिकट थर धरतात, त्यात थोडा धातू अडकतो. मात्र स्फुरद विरघळवणारे जिवाणू आम्लं सोडतात, आणि त्या आम्लांनी स्फुरदाबरोबर धातूही सुटू शकतो. म्हणजे रोप जोमात आणि पानात कॅडमियम जास्त, असंही होतं. जिवाणू धातूला नाहीसं करत नाहीत, धातू कुजत नाही. रंगावरून काही ठरवू नका. पान तपासा.

पाकिटावरची मुदत वाचा. ॲझोटोबॅक्टरसारख्या भुकटीतल्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, असं खत नियंत्रण आदेश सांगतो. उन्हात ठेवलेलं पाकीट दुकानदाराला परत करा. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा, मग त्यात २५० ग्रॅम भुकटी. हे १० किलो बियाण्याला पुरतं. नळाचं क्लोरीनवालं पाणी नको. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी, जिवाणू शेवटी. तांबेयुक्त औषध तर नकोच, जिवाणू मरतात. बी सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा.

एक वाफा जिवाणूंशिवाय सोडा: तेच बी, तेच पाणी, मध्ये बांध. तपासणीला पानं दोन्ही वाफ्यांतली जायला हवीत, नाहीतर आकडा कशाशी ताडणार? (फोन केला ना प्रयोगशाळेला?)

आळवणी, खुरपणी नेहमीप्रमाणे. जिवाणूंशिवाय सोडलेल्या वाफ्यात मात्र जिवाणूंची बादली नेऊ नका.

काढणीला पानं स्वच्छ पाण्याने धुवा, धुळीतलं शिसं आकडा फुगवतं. कागदी पिशवीत, वाफ्याचं नाव लिहून द्या. अहवाल ओल्या वजनावर आहे की सुक्या, हे विचारा. पालेभाजीसाठी कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं) मर्यादा ओल्या वजनाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम आणि ०.३ मिलिग्रॅम शिसं; शिशाच्या मर्यादेत पालक (स्पिनच) धरलेला नाही, पण ताडायला आकडा उपयोगी. पालकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, त्यामुळे सुक्या वजनाचा आकडा साधारण दहाने भागून बघा.

अहवाल येईपर्यंत एक जुडीही बाजारात नेऊ नका. आकडा मर्यादेवर गेला तर तो पाला गुरांनाही घालू नका आणि उकिरड्यावरही टाकू नका, खतातून तोच धातू परत रानात येईल. पुढच्या हंगामात तिथे झेंडू लावा.