उघड्या जीपची लेदर सीट: ऊन, पाऊस आणि शिलाई

लेदर सीटवर पाऊस पडला की सगळे चामड्याकडे बघतात. नुकसान होतं ते शिलाईतून. गाडीच्या सीटचं चामडं साधारण १ ते १.३ मिमी जाड असतं आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. थर शाबूत असेल तर पाणी बराच वेळ थेंब होऊन वरच बसून राहतं. पण जिथे सुई गेली तिथे भोक आहे आणि भोकाखाली फोम. फोम पाणी पटकन पितो आणि सोडताना दिवसच्या दिवस लावतो. बुरशी, कुबट वास, खाली गंजणारी फ्रेम हे सगळं तिथून सुरू होतं.

किती पाणी? सीटची बैठक साधारण अर्धा मीटर लांब आणि तेवढीच रुंद. १० मिमी पाऊस झाला तर तिच्यावर अडीच लिटर पाणी पडतं. ठाण्यात जुलैमध्ये दिवसाला १०० मिमी पाऊस नवलाचा नाही. त्या हिशेबाने एका सीटवर २५ लिटर. त्यातलं बरंचसं ओघळून जातं, पण बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत साचतं. शिलाई सगळ्यात जास्त तिथेच असते.

ऊन हे काम आधीच सोपं करून ठेवतं. अतिनील किरणांनी वरचा थर ठिसूळ होतो, चामड्यातली स्निग्धता कमी होते, धागा कमजोर होतो. बसल्यावर चामडं ताणलं जातं आणि भोकं लांबट होतात. म्हणून फेब्रुवारी ते मे या महिन्यांत सीटची जी हेळसांड झाली, तिची किंमत जूनमध्ये मोजावी लागते.

आधी चामडं ओळखा

सीटच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब तसेच राहिले तर वरचा थर चांगला आहे. जागा गडद झाली तर चामडं ॲनिलिन, म्हणजे वर संरक्षक थर नसलेलं आहे किंवा थर झिजलाय. अशी सीट उघड्या गाडीत पावसाळा काढू शकत नाही. आधी थर पुन्हा देऊन घ्या किंवा चार महिने ती सीट काढून घरात ठेवा.

व्हेजिटेबल टॅन, म्हणजे झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं असेल तर आणखी एक धोका. हूडच्या लोखंडी कमानीवरून गंजाचं पाणी त्यावर ठिबकलं, तर लोह आणि टॅनिन मिळून काळा डाग पडतो आणि तो जात नाही. ऐरोली, वाशी, बेलापूर, कोपरी अशा खाडीकाठच्या भागांत गंज लवकर धरतो, तेव्हा मे संपायच्या आत कमानी घासून रंगवून घ्या.

सीटवाल्याला काय सांगायचं

थार, जिप्सी किंवा जुन्या जीपला नवीन लेदर चढवून घेताना हल्ली डायमंड शिलाईची टूम आहे. उघड्या गाडीत ती बैठकीवर नकोच. प्रत्येक चौकटीच्या चारही बाजूंना भोकांची रांग आणि मध्ये खळगा. पाणी नेमकं शिलाईवर येऊन थांबतं. हौस असेल तर पाठीच्या वरच्या अर्ध्या भागावर करा. जाळीचं, म्हणजे भोकं पाडलेलं चामडंही नको.

बैठकीचा सपाट भाग एकाच तुकड्यात कापायला सांगा. जोड सगळे उभ्या बाजूंवर यावेत. टाका ४ ते ५ मिमीचा. त्याहून बारीक टाका दिसायला सुबक, पण भोकं वाढतात आणि चामडं त्याच रेषेत फाटतं. धागा बाँडेड पॉलिस्टर, म्हणजे पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला. सुती धागा ओलाव्यात कुजतो आणि नायलॉन उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर कमजोर होतो. जोडांना आतल्या बाजूने २० ते २५ मिमी रुंद पाणीरोधक पट्टी चिकटवून घ्यायला विसरू नका. बाहेरून ती दिसत नाही, म्हणून मागितल्याशिवाय कोणी लावत नाही.

फोम ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो) घ्या. त्यावर वरून आणि चारही बाजूंनी पातळ पॉलिथिनचं आवरण घालायचं. खालची बाजू मात्र उघडी. खालूनही बंद केलं तर आत गेलेली ओल अडकते आणि बसल्यावर हवा निघायला वाट राहत नाही. बैठकीखाली सलग पत्रा असेल तर सखल जागी ८ मिमीची चार भोकं पाडून कडांना गंजरोधक रंग लावा. सीट बेल्टच्या किंवा रेलच्या बोल्टजवळ ड्रिल फिरवू नका.

नव्या गाडीच्या सीटमध्ये साइड एअरबॅग किंवा कोणी बसलंय का ते ओळखणारा सेन्सर असू शकतो. एअरबॅगची खूण असलेल्या बाजूवर आवरण चढवून गाडी चालवू नये. सीटखालचे पिवळे कनेक्टर स्वतः सोडवू नका, ते काम सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

उन्हाळा

मे महिन्याच्या मध्यात ठाणे-नवी मुंबईत दुपारी सूर्य डोक्यावर येतो. इमारतीची, भिंतीची सावली तेव्हा मिळतच नाही. बाराच्या सुमारास ऊन थेट बैठकीवर पडतं. काळं चामडं अशा उन्हात ६५-७० अंशांच्या वर तापू शकतं. झाड किंवा छप्पर नसेल तर आवरण हा एकच उपाय.

ऊन तिरपं असेल तेव्हा गाडीचं तोंड कुठे आहे याने फरक पडतो. दुपारनंतर गाडी उभी करायची असेल तर तोंड पूर्वेला ठेवा, म्हणजे पश्चिमेचं ऊन पाठीच्या मागच्या बाजूवर पडतं आणि बैठक पाठीच्या सावलीत राहते. सकाळी उलट. काही खर्च नाही, आणि सगळ्यात जास्त ताण घेणारा भाग वाचतो.

झाड निवडताना वर बघा. जांभळाखाली मे-जूनमध्ये गाडी लावली तर डाग ठरलेला. सोनमोहराची फुलं ओली होऊन सीटवर कुजली की पिवळट ठसा उरतो. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळली की वरचा थर खाते. ओल्या कापडाने दहा मिनिटं भिजवून उचला, खरवडू नका.

उन्हाचं आवरण जाड सुती कॅनव्हासचं, फिक्या रंगाचं, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आसपास. खाली इलॅस्टिक, वरून टोपीसारखं चढणारं. ते दारातल्या खणात मावलं पाहिजे आणि पंधरा-वीस सेकंदांत चढलं पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांच्या थांब्याला कोणी काढत नाही, आणि असे थांबेच दिवसाला पाच-सहा होतात. काळं प्लॅस्टिक किंवा रेक्झिन उन्हात चामड्याला चिकटून तापतं, ते टाळा. घोडबंदर रोडवर बांधकामाची धूळ बसते. आवरण घालायच्या आधी सीट फडक्याने झटका, नाहीतर तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

साफसफाई महिन्यातून एकदा पुरे. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली बेबी शाम्पू घ्या, फेस करा आणि फक्त फेस स्पंजने लावा. शिलाईवर मऊ ब्रश भोकांच्या रेषेत फिरवा, आडवा नाही. मग पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा. भांड्याचा साबण, खाण्याचा सोडा, कपड्यांची पावडर यांतलं काहीही नको. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं आणि अल्कलीने ते कडक पडतं.

कंडिशनर पाण्यावर आधारलेलं आणि अतिनील संरक्षण असलेलं घ्या. पुढच्या दोन सीटना २० ते २५ मिली भरपूर. पातळ लावून अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढा. फेब्रुवारी ते मे दर चार आठवड्यांनी, मग पावसाळ्यात बंद. जास्तीचं कंडिशनर बुरशीचं खाद्य आहे. शाबूत थर असलेल्या चामड्यात ते फार खोल जातही नाही, तेव्हा सावलीऐवजी कंडिशनर चालेल अशी समजूत करून घेऊ नका.

खोबरेल तेल नको. ते कपड्यांना लागतं, धूळ धरून ठेवतं, चामडं काळपट करतं. सिलिकॉनचा चकाकी देणारा स्प्रे तर अजिबात नको: बसायला निसरडं होतं आणि पुढे रंग किंवा थर द्यायची वेळ आली की काही चिकटत नाही.

पावसाळा

सीटला थेट प्लॅस्टिक गुंडाळणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की प्लॅस्टिकखाली ओल साठते; पाऊस नसलेल्या दिवशीही सीट आतून घामेजते. तासाभरासाठी प्लॅस्टिक चालेल, रात्रभर नाही.

पाणी अडवायचं ते सीटच्या वर, अंतर ठेवून. विंडस्क्रीनच्या चौकटीपासून मागच्या फळीपर्यंत ताणलेली ताडपत्री हवी: पीव्हीसी लेप दिलेलं पॉलिस्टर, ५०० ते ६०० जीएसएम. मध्ये बांबूची किंवा ॲल्युमिनियमची कमान, कडांपेक्षा निदान १५ सेंमी उंच. कमान नसेल तर मध्ये पाण्याचा फुगा होतो, आणि एका रात्रीत आयलेट (दोरी ओवायच्या भोकाची कडी) उपटून तो सगळा सीटवर रिकामा होतो. दोन्ही बाजूंना हाताचा पंजा जाईल एवढी फट वाऱ्यासाठी सोडा. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून शक्य असेल तर ती बाजू भिंतीकडे असू द्या. टिचबटणं आणि आयलेट पितळेची किंवा स्टेनलेसची घ्या.

या छपराखाली सीटवर कॅनव्हासचं आवरण ठेवू नका. ते ओलं झालं की सुकत नाही आणि चामड्याला दिवसभर ओला पट्टा बांधल्यासारखं होतं. सिलिका जेलची पाकिटं बंद कपाटात काम करतात. उघड्या गाडीत ती काही तासांत भरतात. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही.

येऊरच्या चढावर किंवा पाम बीच रोडवर सरीने गाठलं तर क्रम असा. गाडी आडोशाला घ्या. ओल्या सीटवर बसून राहू नका, आणि महत्त्वाचं म्हणजे बस-ऊठ करू नका: बसल्यावर फोम दबतो, उठल्यावर फुगतो आणि फुगताना शिलाईच्या भोकांतून पाणी आत ओढतो. नुसत्या पावसाने जेवढं आत जाणार नाही तेवढं या पंपाने जातं. आधी बैठक-पाठीच्या खाचेत मायक्रोफायबर टॉवेलची कड बोटाने सारून पाणी टिपा, मग शिलाया, शेवटी सपाट भाग. टिपायचं, घासायचं नाही. दोन मोठे टॉवेल गाडीत कायम हवेत. निघायचंच असेल तर कोरडा टॉवेल पसरून बसा.

फोम भिजलाय का हे घरी आल्यावर तपासा. शिलाईवर टिश्यू पेपर ठेवून तळहाताने तीस सेकंद जोरात दाबा. टिश्यू ओला झाला तर वरवर पुसून भागणार नाही. बोल्ट काढून सीट घरात न्या आणि पाणी उतरेल अशी आडवी टेका. टेबल फॅन खालच्या, उघड्या बाजूवर लावा. जुलैत असं करूनही तीन-चार दिवस लागतात; खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर वेळ बराच कमी होतो. हेअर ड्रायर, हीटर, कडक ऊन यांच्याजवळ सीट नेऊ नका. ओलं चामडं कोरड्यापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला आक्रसतं, आणि आक्रसलेलं कव्हर पुन्हा फोमवर बसत नाही. पाणी निथळण्याइतका फोम भिजला असेल तर कव्हर धरणाऱ्या तारेच्या रिंगा कापून कव्हर वेगळं करा. नव्या रिंगा स्वस्त असतात. चामडं पूर्ण सुकल्यावर एकदा पातळ कंडिशनर द्या. पावसाळ्यात ते लावायची हीच एक वेळ.

पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसली तर सीट बाहेर नेऊन, मास्क लावून आधी कोरड्या, फेकून द्यायच्या कापडाने पुसा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून, कापड जेमतेम ओलं करून फिरवा. आधी लपलेल्या जागी बघा, कारण अल्कोहोलने रंग सुटू शकतो. ब्लीच चालणार नाही. आठवड्यात बुरशी त्याच रेषेत परत आली तर मूळ फोममध्ये आहे. तो फोम बदलण्याला पर्याय नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात घाईने सीट वाळवायचा मोह होतो. आधी सावलीत दोन दिवस वारा लागू द्या. बोल्ट, रेल आणि खालचा पत्रा तपासा, पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, एखादा टाका उसवला असेल तर त्याच जुन्या भोकांतून हाताने शिवून घ्या. नवी भोकं पाडू नका.

आणि गाडी बाराही महिने सोसायटीबाहेर, उघड्यावर उभी राहणार असेल, तर बैठकीला चामडं लावूच नये. बैठक आणि पाठीचा खालचा भाग बोटींसाठी येतं त्या मरीन व्हिनाइलचा, बाजू आणि हेडरेस्ट त्याच रंगाच्या लेदरचे, असं करून घ्या. पाण्याचा आणि उन्हाचा मुख्य मारा व्हिनाइलवर जातो. शिलाई, आतली पट्टी आणि फोमचं आवरण यांचे नियम मात्र त्यालाही तेच, कारण भोक व्हिनाइललाही पडतंच.