जीभ सरकत जाते: ब्रुअरीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

ब्रुअरीत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात एक वही आणायला लावते. मोबाइल नको, कारण इथे हात कायम ओले असतात. वहीत दर बिअरसाठी दोन रकाने. एकात लिहायचं, बिअर तिच्या प्रकाराला धरून झाली आहे का आणि तिच्यात काही दोष आहे का. दुसऱ्यात लिहायचं, मला ती आवडली का. पहिला रकाना मुलं मन लावून भरतात आणि दुसरा कोरा सोडतात. आवडनिवड लिहिणं त्यांना कच्चेपणाचं वाटतं. पण पहिल्या रकान्यातलं बरंचसं पुस्तकात सापडतं. आपली जीभ आज कुठे आहे आणि गेल्या वर्षी कुठे होती, हे फक्त दुसऱ्यात सापडतं.

मी पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर जागेवरच बनवून विकणाऱ्या पबमध्ये, बिअर बनवते. ज्या ब्रुअरांशी मी आजवर बोलले आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आवडीचा रस्ता साधारण सारखाच निघतो. आधी बाटलीतली स्ट्राँग, मग गव्हाची बिअर, मग हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचं, वेड, त्या आसपास कधीतरी काळ्या आणि आंबट बिअर, आणि शेवटी पुन्हा लागर, म्हणजे गारव्यात सावकाश आंबवलेली बिअर (बाटलीतली स्ट्राँगही लागरच). क्रम थोडा मागेपुढे होतो, एखादा टप्पा गळतो. पण या रस्त्याची कल्पना आधीच असेल तर या धंद्यात बरेच गोंधळ टळतात.

आपल्याकडे सुरुवात बिअर शॉपीच्या काउंटरवर किंवा परमिट रूममध्ये होते. तिथला प्रश्न ‘माइल्ड की स्ट्राँग?’ एवढाच. स्ट्राँग म्हणजे ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, आणि भारतात सगळ्यात जास्त खपते तीच. बाटली चिल्ड हवी, सोबत मसाला शेंगदाणे हवेत. इतक्या गार पेयाचा वास नाकापर्यंत पोचत नाही. मग जिभेला कळतो तो फेस, थोडा गोडवा आणि घशातली झणझण. या वयात लोक बिअरची चव घेतात असं मी म्हणणार नाही, ते तिचा परिणाम मोजतात. बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरून ‘ग्लिसरिन काढण्याचा’ कार्यक्रम याच काळातला. आंबवताना यीस्ट थोडं ग्लिसरॉल स्वतःच तयार करतं. ते बिअरमध्ये पूर्ण विरघळलेलं असतं आणि बाटली कितीही उलटी केली तरी निघत नाही. पाण्यात उतरताना दिसते ती जड बिअरच.

पुढचा टप्पा गव्हाचा. पुण्यात २००९ साली डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली आणि ताजी, टाकीतून थेट ग्लासात येणारी बिअर इथल्या लोकांना भेटली. २०१५ मध्ये आलेल्या बिरा ९१ ने गव्हाची बिअर बाटलीतून दुकानादुकानांत नेली. बव्हेरियाची हेफेवाइत्सन पिऊन लोक विचारतात, यात केळं घातलंय का? घातलेलं नसतं. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट आणि लवंगेसारखा वास देणारं ४-व्हिनाइल ग्वायकॉल, दोन्ही यीस्टची करामत. बेल्जियन विट या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच पडते. ही बिअर बेल्जियममध्ये जवळजवळ संपली होती. होगार्डन गावच्या पीएर सेलिसने १९६० च्या दशकात ती पुन्हा उभी केली. दोन्हींत कडवटपणा अगदी बेताचा असतो. तो आयबीयूमध्ये मोजतात, आणि विटचा आकडा ८ ते २० च्या दरम्यान राहतो.

बिअरला स्वतःचा वास असतो, हे बहुतेकांना पहिल्यांदा कळतं ते इथे. अनेकजण इथेच थांबतात आणि आयुष्यभर सुखाने विट पितात. नवे ब्रुअर अशा गिऱ्हाइकांना नाकं मुरडतात, तेव्हा मला राग येतो. आपल्या ब्रूपबची वीजबिलं विट भरते.

हॉप्सकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नवी मुलं सगळ्यात जास्त वाहवतात ती इथे. कडू चव माणसाला जन्मतः नकोशी असते. झाडापाल्यातली अनेक विषं कडू असतात, आणि ती ओळखायला जिभेवर कडूसाठी सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत. गोडासाठी एवढा पसारा नाही. मग कडू आवडायला कसं लागतं? एक तर वारंवार भेटलेली गोष्ट आपोआप बरी वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. दुसरं, त्या कडू घोटानंतर काही वाईट घडत नाही, उलट बरंच वाटतं, आणि मेंदू हे टिपून ठेवतो. तिसरं कारण हॉप्सचा वास. अमेरिकेत १९७२ मध्ये बाजारात आलेल्या कॅस्केडपासून पुढे सिट्रा, मोझॅकपर्यंतच्या जाती ग्रेपफ्रूट, आंबा, पॅशनफ्रूट असले वास घेऊन आल्या. त्या वासाच्या ओढीने लोक कडू पचवायला शिकले.

एकदा शिकले की थांबत नाहीत. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, आणि एल म्हणजे लागरपेक्षा उबेत, लवकर आंबणारी बिअर. अमेरिकन आयपीए ४० ते ७० आयबीयूची, डबल आयपीए ६० ते १००. आज जी बिअर तोंड वाकडं करायला लावते, ती काही महिन्यांनी फिकी वाटते. कॅलिफोर्नियाच्या रशियन रिव्हर ब्रुअरीचे विनी सिलुर्झो याला ‘लुपुलिन थ्रेशोल्ड शिफ्ट’ म्हणतात. लुपुलिन म्हणजे हॉप्सच्या फुलातली पिवळी पूड. पुढे व्हर्माँटच्या हेडी टॉपरसारख्या बिअरमधून गढूळ, रसाळ आयपीएची लाट आली आणि तिने कडवटपणाच कमी केला. म्हणजे आपली जीभ सरकत असते तेव्हा बिअरही जागेवर थांबलेली नसते. पाच वर्षांपूर्वी ‘आयपीए आवडत नाही’ असं वहीत लिहिलं असेल, तर ती कुठली आयपीए होती हेही लिहिलेलं असावं.

आयपीएमधल्या ‘इंडिया’बद्दल थोडं, कारण टेबलावर हा प्रश्न हमखास येतो. पूर्व लंडनच्या बो ब्रुअरीतल्या जॉर्ज हॉजसनची पेल एल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, कलकत्ता, मद्रासला येत होती, एवढं खरं. प्रवासात टिकावी म्हणून ती कुणीतरी मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट ऐकायला छान आहे, तिला आधार नाही. आणि गोरे शिपाई पोर्टरही भरपूर पीत. त्या काळच्या मुंबईच्या उकाड्यात काळी पोर्टर! आज मेनूवर ठेवली तर मॅनेजर मला वेड्यात काढेल.

काळ्या बिअरबद्दल मुलांना एकच सांगते, रंगाचा आणि कडकपणाचा संबंध नाही. गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची, म्हणजे शॉपीतल्या स्ट्राँगच्या जवळपास निम्मी. काळेपणा भाजलेल्या बार्लीचा. आंबट बिअर मराठी माणसाला जड जाईल असं मला वाटायचं, पण उलट दिसतं. जर्मनीच्या गोझेत आंबटपणा, मीठ आणि धणे असतात. सोलकढीवर वाढलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. ब्रसेल्सच्या लाम्बिकची गोष्ट वेगळी. हवेतल्या रानटी यीस्टवर आंबलेली ती बिअर, पहिल्या घोटाला गोठ्याची आठवण देते. ती कुणी लगेच आवडली म्हणालं, तर मी विश्वास ठेवत नाही.

आणि मग लागर. इतकं सगळं फिरून माणूस परत तिथेच का येतो? थोडा वयाचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मॅश टन (धान्य गरम पाण्यात भिजवायचं भांडं) चालू करायचा असेल, तर ८ टक्क्यांची बिअर परवडत नाही. थोडा कंटाळ्याचा भाग आहे. दिवसभर हॉप्सच्या पेलेट हाताळून घरी जाताना पुन्हा तोच वास नको होतो. पण मुख्य कारण कामातून येतं. १८४२ मध्ये पिल्झनला योसेफ ग्रोलने पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. त्या घराण्याच्या बिअरमध्ये लपायला जागाच नसते. आयपीएतला छोटा दोष हॉप्स झाकतात, काळ्या स्टाउटमधला दोष भाजलेपणा झाकतो. पिल्सनरमध्ये डायसेटिलचा लोण्यासारखा वास, उकडलेल्या मक्यासारखं डीएमएस किंवा जुन्या बिअरचा ओल्या पुठ्ठ्याचा वास लगेच उघडा पडतो. हे वास ओळखायला शिकलेल्या माणसाला स्वच्छ लागरमागची मेहनत दिसते आणि मग ती चवदार लागू लागते. चांगल्या चेक लागरचा कडवटपणा ३० ते ४५ आयबीयूपर्यंत जातो. स्ट्राँगच्या काळात हीच बिअर हातात आली असती, तर ‘पाणचट आणि कडू’ म्हणून बाजूला ठेवली असती.

आता धंद्याचं. एल दोन-तीन आठवड्यांत टॅपवर जाते. लागर शून्याच्या आसपास चार-सहा आठवडे टाकीत पडून राहते. तेवढ्या वेळात त्याच टाकीतून विटचे दोन घाणे निघतात. मालकाला हे गणित तुमच्याआधी कळतं. तेव्हा आपली आवड लागरवर आली म्हणून टॅपच्या यादीत तीन लागर घुसवू नका. त्याआधी हॉप्सवर होती तेव्हा चार आयपीएही घुसवायच्या नव्हत्या. शनिवारी संध्याकाळी समोर बसलेल्यांत निम्मे नुकतेच स्ट्राँगवरून गव्हावर आलेले असतात, दोन टेबलं हॉप्समध्ये बुडालेली असतात आणि कोपऱ्यातला एखादाच तुमच्यासारखा असतो. यादी या सगळ्यांची असते. स्वतःच्या जुन्या नोंदी इथे उपयोगी पडतात. ज्या टप्प्यातून आपण गेलो, त्या टप्प्यावरच्या माणसाला काय खटकतं आणि काय आवडतं, हे आपल्याच हस्ताक्षरात लिहिलेलं असतं. वर्षातून एकदा नावडत्या प्रकारांची फेरी करा. तेव्हा जुनी नोंद आधी वाचू नका, नवी लिहून झाल्यावर वाचा.

आपल्या आवडीत दोष मुरलेला नाही ना, हेही तपासा. हिरव्या बाटलीत उजेड शिरला की हॉप्समधल्या कडू घटकांपासून एक कुबट वासाचं रसायन बनतं. वर्षानुवर्षं तीच बिअर प्यालेल्यांना तो वास म्हणजेच ‘इम्पोर्टेड चव’ वाटते. असा माणूस तुमची ताजी बिअर परत पाठवेल. त्याच्याशी वाद घालू नका. पण तुम्ही स्वतः तसे असाल, तर वेळीच कळलेलं बरं.

सरावासाठी एक सोपी गोष्ट. ग्लास फ्रीजमधून काढल्यावर अर्धा प्या आणि अर्धा दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा, मग पुन्हा चाखा. गारठा उतरल्यावर जे दिसतं ते लिहा. चाखायला पन्नास मिली पुरे, त्याहून जास्त प्यालात तर शेवटच्या नोंदींना किंमत राहत नाही. वाइनवाले चाखून थुंकतात, आपण गिळतो, कारण घोट गेल्यावर कडू किती रेंगाळतं तेही जोखायचं असतं. म्हणूनच चाखण्याच्या दिवशी दुचाकी घरी, येणं-जाणं रिक्षाने. यावर मी ऐकत नाही.

शिक्षणाचं विचाराल, तर मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्रीची पदवी उपयोगी पडते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीचं एम.एस्सी. आहे. नुसती चव आणि सर्व्हिसची बाजू शिकायची असेल, तर सिसेरोन या बिअर-सर्व्हिसच्या अमेरिकन प्रमाणपत्राची पहिली परीक्षा ऑनलाइन देता येते. ती ६० प्रश्नांची आहे आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. घरी बनवून शिकू, असा विचार असेल तर थांबा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. प्यायलाही वय किमान २१ लागतं आणि परमिट लागतो. हात चालवायचा असेल, तर एखाद्या ब्रूपबमध्ये उमेदवारी करा. पहिले काही महिने टाक्या धुण्यात आणि मॉल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) पोती उचलण्यात जातील. चाखायला मिळेल, पण रोज नाही. मिळेल तेव्हा दोन्ही रकाने भरा.