यावलच्या शिवारातून अवकाश स्थानकाचे फोटो

या छंदात नव्याने येणारी मुलं पहिल्यांदा दुर्बिणीबद्दलच विचारतात. मी म्हणतो, आधी दणकट ट्रायपॉड घ्या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना व्याधापेक्षा ठळक दिसतं. साध्या १८ मिलिमीटरच्या लेन्सनेही त्याची सुरेख रेघ येते.

स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर. आपल्याकडे दिवेलागण होऊन गेली तरी तिथे ऊन असतं, तेच आपल्याला चमकताना दिसतं. म्हणून सूर्यास्तानंतरचे आणि पहाटेचे एक-दीड तास आपले. मध्यरात्री ते पृथ्वीच्या सावलीत असतं, तेव्हा जागून उपयोग नाही. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकले की वेळ, दिशा, उंची सगळं मिळतं. सुरुवातीला क्षितिजापासून ५० अंशांहून उंच जाणारी फेरीच निवडा.

फोकस ठळक ताऱ्यावर, हाताने. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ४, पंधरा-वीस सेकंदांचे फोटो लागोपाठ. कॅमेऱ्यातलं 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' मात्र आठवणीने बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो आणि रेघ तुटक येते. स्थानक सावलीत शिरतं ती जागा फोटोत मोठी करून बघाच: रेघ बारीक होत जाते, तांबूस होते आणि भर आकाशात संपते. मला सगळ्यात आवडतं ते हेच टोक.

यावलकडून भुसावळ-जळगावचा उजेड दक्षिणेला पडतो, सातपुड्याची बाजू काळोखी राहते. हिवाळ्यात केळीच्या बागांजवळ दव फार, लेन्स सारखी तपासा. बिबट्याचा वावर असतो. एकटं जाऊ नका, शेतमालकाला सांगून जा. रखवालदार हमखास विचारतो, "विमान आहे का भो?" विमानाचे दिवे लुकलुकतात, स्थानक एकसारखं तेवतं.

आकार टिपायचा तर मग दुर्बीण. माथ्यावर ते गुरूच्या बिंबाहून थोडं मोठं दिसतं, पण सेकंदाला अंशभर सरकतं. त्यामुळे व्हिडिओ घेऊन त्यातल्या चांगल्या चौकटी निवडाव्या लागतात. चंद्रासमोरून जाताना सगळा खेळ सेकंदाच्या आत आटोपतो आणि तो दिसणारा पट्टा काही किलोमीटरच रुंद असतो. यावलला जमेल ते फैजपूरला हुकू शकतं. फ्रेंच खगोल-छायाचित्रकार थिएरी लगो यांनी २००९ मध्ये अटलांटिस यान आणि हबल ही अवकाशातली दुर्बीण सूर्यबिंबावर एकत्र टिपली होती. तसं करायची इच्छा झाली तर सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच बसवा, आयपीसवर (डोळा लावतो त्या भिंगावर) नाही.