व्हाइट पेपरमध्ये आपलं यंत्र शेवटी आणा

श्वेतपत्रिका म्हटलं की आपल्याला 2012 ची सिंचनाची आठवते. धंद्यातला व्हाइट पेपर वेगळा. गिऱ्हाईक खरेदी ठरवण्याआधी वाचतं तो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीला (धातू ओतायच्या कारखान्याला) साच्याची वाळू तपासायचं यंत्र विकायचंय? मग पहिल्या पानावर यंत्राचा फोटो नको. वाळूत ओल जास्त झाली की वाफ कशी अडकते, कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लोहोल म्हणजे पोकळ भोकं का पडतात, रिजेक्शनचा, म्हणजे बाद मालाचा खर्च कसा मोजायचा, हे आधी लिहा. तेही किलो आणि रुपयांत. मग दोन-तीन उपाय तोट्यांसकट, आपलाही त्यात आला. यंत्राचं नाव शेवटच्या पानावर. विशेषणं दिसली की मालक तो कागद चहाच्या कपाखाली घेतो (पाहिलंय मी!). छापण्याआधी एखाद्या मोल्डिंग सुपरवायझरला वाचायला द्या. तो अडखळेल तिथं वाक्य बदला.